कुंडीतल्या टोमॅटोचे पथ्यपाणी



खडकी बाजाराजवळ राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र या पंधरवड्यात आले. घरी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे आहेत. सासूबाईंच्या निधनानंतर ते फारसे बोलत नाहीत, फिरायला जात नाहीत. मात्र गॅलरीत टोमॅटोच्या चार कुंड्या आहेत, त्यांच्यापाशी सकाळ घालवतात. घरातले काही वाया जाऊ द्यायचे नाही, या जुन्या शिस्तीने ते केळीच्या साली, चहाचा चोथा, उरलेली आमटी, अंड्यांची टरफले असे सारे त्या कुंड्यांत घालतात. आता गॅलरीत चिलटांचे मोहोळ उठले आहे, रात्री घुशी येतात, शेजाऱ्यांनी तक्रार केली आहे. झाडे पुरुषभर वाढली, पण फळे थोडी, आणि जी लागली त्यांची बुडे काळी पडली. भगिनी विचारतात : ‘हे सारे बंद करावे, तर सासऱ्यांचा एकमेव विरंगुळा जातो. चालू ठेवावे, तर घरात राहणे कठीण. काय करावे?’

बंद करू नये, हे उत्तर आधीच देऊन टाकतो. जे चालले आहे त्याचा क्रम तेवढा बदलायचा आहे.

स्वयंपाकघरात उरलेले अन्न हे आपले अन्न होते. झाडाचे अन्न ते अजून झालेले नाही. मुळे पाण्यात विरघळलेले क्षार शोषतात. केळीच्या सालीत पोटॅशियम पुष्कळ आहे हे खरे, परंतु साल मातीत कुजून तिचे घटक सुटे होईपर्यंत झाडाला त्यातले फारसे काही मिळत नाही. ते काम जिवाणू, बुरशी आणि गांडुळे करतात. त्यांना त्यासाठी हवा लागते, ओलावा लागतो आणि वेळ लागतो. कुंडी म्हणजे पंधरा-वीस लिटरांची बंदिस्त जागा. तिच्यात कच्चा कचरा टाकला की कुजण्याची सगळी धामधूम मुळांच्या उशाशी चालते. तेथील हवा संपते, आम्ले तयार होतात, कोवळी मुळे होरपळतात. शिवाय कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतला नत्र काही काळ अडवून ठेवतात. आमटीतले मीठ आणि तेल यांची गोष्ट आणखी वाईट. मीठ कुजत नाही. ते कुंडीत साचत जाते आणि मुळांना पाणी घेऊ देत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला आपण जे पथ्य सांगतो, तेच कुंडीलाही लागू आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे ही समज नवी नाही. जुन्या वाड्यांत आणि कोकणातल्या परसांत मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ पोसली जात, पण खरकटे मात्र उकिरड्यावर किंवा गाईच्या घमेल्यात जाई, आणि उकिरड्याचे खत वर्षाने शेतात पडे. कुजू देणे आणि मग घालणे, हे दोन वेगळे टप्पे आहेत हे घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ठाऊक होते. सदनिकेत उकिरडा गेला आणि कुंडी राहिली, म्हणून दोन्ही टप्पे एकाच भांड्यात आले. शास्त्रानेही तोच धडा गिरवला. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरात राहून शेतातला काडीकचरा, शेण आणि माती यांच्या थरांतून खत करण्याची रीत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. पुढे कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवार उभा करून पालापाचोळ्यातून जिवंत माती घडवण्याचे काम महाराष्ट्रातल्या सामान्य शेतकऱ्यापर्यंत आणि शहरी गच्चीपर्यंत नेले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहात प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर गच्चीत भाज्या आणि फळझाडे वाढवून दाखवली. या साऱ्यांत समान धागा एकच : आधी माती करा, मग रोप लावा.

आणि खडकीकरांना तर बागकामाचे शहाणपण दूर शोधायला नको. जवळच्या गणेशखिंडीला १८७३ मध्ये वनस्पती उद्यान सुरू झाले. त्याचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर लिहिलेले पुस्तक त्या काळी साहेबांच्या बंगल्यांतून वापरले जाई. आज ते उद्यान महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे आणि २०२० मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ज्येष्ठांना घेऊन कधी त्या बाजूला जाता आले, तर जुन्या झाडांखाली साचलेल्या पाचोळ्याचा खालचा थर हातात घेऊन पाहा. काळा, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेला. आपल्या माठातून तयार व्हायचे आहे ते हेच.

माठ म्हणतो आहे, कारण ज्येष्ठांच्या घरी मला तोच सर्वांत सोयीचा वाटतो. उन्हाळा संपला की प्रत्येक घरात एक पाझरेनासा झालेला किंवा काठ टवका उडालेला माठ असतोच. त्याच्या बुडाला आणि कडेला बोटाएवढी आठ-दहा भोके पाडून घ्यावीत, आत खाली नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर द्यावा आणि माठ विटांवर, एका परातीत ठेवावा. मातीचा असल्यामुळे तो हवा खेळती ठेवतो, जास्तीचे पाणी शोषतो. प्लॅस्टिकची बादलीही चालते, पण तिच्यात ओल धरून राहते आणि वासाची तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते. दोन माठ असावेत. एक भरत असताना दुसरा मुरत राहतो.

आता भरायचे काय? दोन माणसांच्या घरात रोज साधारण पाव ते अर्धा किलो ओला कचरा निघतो. भाज्यांची देठे, साले, कोथिंबिरीच्या काड्या, फळांच्या साली, देवाची निर्माल्य फुले हे सारे बारीक चिरून घालावे. जितके बारीक, तितके लवकर कुजते. आणि येथेच बहुतेकांचे चुकते : एक वाटी ओले टाकले तर दोन वाट्या कोरडे टाकायला हवे. कोरडे म्हणजे वाळलेला पाला, लाकडाचा भुसा, नारळाचा भुसा, फाडलेला रद्दी कागद. ओल्यात नत्र अधिक, कोरड्यात कर्ब अधिक. कुजवणाऱ्या जिवाणूंना वजनाने एका भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. कोरडे कमी पडले की माठ चिकट होतो, आतली हवा संपते, घाण वास सुटतो, चिलटे येतात. चिलटांवर दुसरा उपाय शोधू नये. वर पाल्याचा जाड थर टाकावा आणि वाट पाहावी. खडकीच्या छावणीत जुन्या बंगल्यांच्या आवारांतून आणि रस्त्यांच्या कडेने इतका पाला पडतो, की कोरड्याची टंचाई येथे कोणी सांगू नये. झाडूवाल्याने रचलेल्या ढिगातून एक पोते मागून घेतले, तर तो आनंदाने देईल. फक्त तो पाला जाळण्याआधी घ्यावा.

पहिल्यांदा दोन मुठी जुने शेणखत किंवा आंबट ताक शिंपडले की विरजण लागल्यासारखे होते. आठवड्यातून दोनदा काठीने वरखाली करावे. मूठ घट्ट दाबली असता गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ओल हवी. पुण्याच्या हवेत साधारण दोन ते तीन महिन्यांत खत तयार होते. पावसाळ्यात ओल जास्त म्हणून कोरडे वाढवावे लागते, थंडीत वेळ थोडा अधिक लागतो. तयार खतात मूळचा पदार्थ ओळखू येत नाही आणि ते गरम लागत नाही. ओळखू येत असेल तर ते अजून खत नाही.

काही पदार्थांविषयी स्वतंत्र सांगायला हवे, कारण गैरसमज त्यांच्याभोवतीच जास्त आहेत.

चहाचा चोथा. आपला चहा दूध, साखर आणि आले घालून उकळलेला. हा चोथा तसाच कुंडीत टाकला की साखरेवर मुंग्या आणि दुधावर बुरशी धरते. तो गाळणीत दोनदा धुऊन, उन्हात वाळवून माठात टाकावा. एवढे केले तर तो उत्तम.

अंड्याची टरफले. बुडे काळी पडलेल्या टोमॅटोला चुना कमी पडतो, म्हणून टरफले घालावीत, असे सर्वत्र सांगितले जाते. टरफल हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहे. पण अखंड टरफल मातीत वर्षभर तसेच राहते. ते धुऊन, कडक उन्हात वाळवून, मिक्सरमधून अगदी पिठासारखे करावे आणि रोप लावतानाच एका कुंडीला दोन चमचे मिसळावे. आता, फळे लागल्यावर, टाकून फारसा उपयोग नाही. मुळात बूड काळे पडण्याचे कारण बहुतेक वेळा मातीत चुना नसणे हे नसते. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढते आणि फळाच्या बुडापर्यंत सर्वांत शेवटी पोचते. दोन दिवस कुंडी कोरडी, तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी, असे झाले की त्या टोकाला पुरवठा तुटतो. नत्र अती झाला की पाने भराभर वाढतात आणि पाण्याचा ओढा पानांकडे जातो. भगिनींनी लिहिलेली दोन्ही लक्षणे, पुरुषभर वाढ आणि काळी बुडे, एकत्र वाचली की उलगडा होतो. काळी फळे काढून टाकावीत. नियमित पाणी सुरू झाल्यावर पुढची फळे सुधारतात.

केळीची साल. ही पाण्यात भिजवून ते पाणी घालण्याची टूम सध्या फार आहे. त्या पाण्यात थोडे पोटॅशियम उतरते, पण ते दोन-तीन दिवस ठेवले की आंबते आणि माश्या बोलावते. साली चिरून माठातच टाकाव्यात. तांदूळ-डाळीचे धुवण मात्र ताजे असताना, मीठ नसलेले, बेलाशक घालावे. त्याला खत न म्हणता पाणी म्हणावे, इतकेच.

बटाट्याच्या साली आणि रोगट टोमॅटो माठात नकोत. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले. करप्यासारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि घरगुती माठ तो रोग मारण्याइतका तापत नाही. मांस, मासळी, हाडे, तूप-तेल, शिजलेले खारट अन्न यांनी घुशी येतात, म्हणून तेही वर्ज्य. ते नगरपालिकेच्या किंवा छावणी परिषदेच्या गाडीला ओल्या कचऱ्यात द्यावे.

खत घालायचे किती, हे आता. रोप लावताना दोन भाग माती, एक भाग तयार खत आणि एक भाग नारळाचा भुसा, असे मिश्रण करावे. फुले दिसू लागली की दर पंधरा दिवसांनी कुंडीला दोन मुठी खत, खोडापासून चार बोटे दूर, वरच्या मातीत खुरप्याने हलके मिसळून वर वाळका पाला पसरावा. त्याहून जास्त नको. पुण्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली रोपे थंडीत सर्वांत चांगली फळतात. एप्रिल-मेच्या उन्हात फुले गळतात, तेव्हा खताला दोष देऊ नये. गॅलरीत वारा कमी असेल तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला बोटाने हलकी टिचकी मारावी. टोमॅटोचे फूल स्वतःच स्वतःचे परागीकरण करते, त्याला फक्त हलवावे लागते. हे काम मी ज्येष्ठांसाठी मुद्दाम राखून ठेवायला सांगतो : वजन नाही, वाकणे नाही, आणि आठवड्याने फळ धरलेले दिसते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आता थोडे माझ्याकडे लक्ष द्यावे, कारण पुढचे झाडाविषयी नाही.

ओली भरलेली कुंडी अठरा-वीस किलो भरते. ज्येष्ठांनी ती उचलू नये, सरकवू नये. कुंड्या जमिनीवर नकोत. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस खाली वाकून एकदम उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि गॅलरीची फरशी ओली असते. पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे यांत अंतर फार नसते. मजबूत बाकावर, कमरेच्या उंचीला कुंड्या मांडाव्यात, शेजारी पाठीची खुर्ची ठेवावी, पाण्याचा झारा एक-दोन लिटरचाच असावा. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यासाठी बाकाखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा हवी. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून खडकीत आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो, याचा विचार करणे या गावाला परके नाही.

माठ वरखाली करण्याचे काम कोणी करायचे, हे घरातल्या ज्येष्ठांच्या प्रकृतीवर ठरवावे. कोरडे खत ढवळताना बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असेल, स्टेरॉइड चालू असतील, केमोथेरपी झाली असेल किंवा अवयवरोपण झाले असेल, तर त्यांनी माठाला हातच लावू नये. ते काम तुम्ही करावे, खत आधी किंचित ओले करून, नाकातोंडावर मास्क बांधून. इतरांनीही रबरी हातमोजे आणि बंद पादत्राणे वापरावीत. मधुमेहींनी अनवाणी गॅलरीत जाऊ नये. पायाला संवेदना नसेल तर काच टोचलेली कळतही नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतले आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. कुंडीखालच्या ताटल्या आणि माठाखालची परात आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांना एकटे सोडू नये. टोमॅटोचा पाला खाण्याचा नाही, आणि कीटकनाशकाची बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी कधीही ठेवू नये. पांढऱ्या माशीसाठी निंबोळी अर्क पुरतो.

पाण्याचे वेळापत्रक ठरवून भिंतीवर लावावे. रोज सकाळी एकाच वेळी, बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तर पाणी, ओले लागले तर नाही. औषधांच्या डबीशेजारीच ते लावले तर दोन्ही कामे एकमेकांची आठवण करून देतात. पत्रातल्या सासऱ्यांना माझी सूचना अशी, की त्यांनी कुंड्यांतला कचरा आज काढून माठात घालावा, वरची दोन बोटे माती बदलावी, आणि माठ तयार होईपर्यंत बाजारातले गांडूळखत विकत घ्यावे. सुनेने त्यांना ‘हे टाकू नका’ असे न सांगता सकाळची चिरलेली साले एका डब्यात भरून ‘आजचे माठाचे’ म्हणून हातात द्यावीत. नको म्हणण्यापेक्षा ते सोपे जाते.

खाण्याविषयी थोडे. टोमॅटोतले लायकोपीन शिजवल्यावर आणि थोड्या तेलातुपाबरोबर अंगी अधिक लागते. म्हणून सार किंवा फोडणीची कोशिंबीर ज्येष्ठांना कच्च्या फोडींपेक्षा बरी, चावायलाही सोपी. आम्लपित्त असणाऱ्यांनी रात्री टाळावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, घरचे म्हणून वाडगाभर टोमॅटो खाऊ नयेत. शंभर ग्रॅम टोमॅटोत सुमारे २३५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. किती चालेल ते आपल्या डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे. पिकलेले जास्त झाले तर शेजाऱ्यांना द्यावेत. तक्रार केलेल्या शेजाऱ्यांना आधी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडे थकली की मुळांसकट उपटून काढावीत. रोगट असतील तर ती माठात न घालता गाडीला द्यावीत. कुंडीतली माती उन्हात पसरून आठ दिवस तापू द्यावी, तीत नवे खत मिसळून मेथी किंवा कोथिंबीर टाकावी. वांगे, मिरची, बटाटा त्याच मातीत लागोपाठ नको. माठातल्या खतातून कधी कधी टोमॅटोची रोपे आपोआप उगवतात. संकरित फळाचे बी असेल तर त्याला कसे फळ येईल ते सांगता येत नाही, तरी एखादे ठेवून पाहायला हरकत नाही. निवडून लावायचे असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री किंवा भाग्यश्री हे वाण मिळाले तर घ्यावेत, आणि बी ऑगस्टच्या अखेरीस टाकावे.